श्राव्य प्रपंच आणि हसण्यातील संमती

मुंबई आकाशवाणीवरील ‘पुन्हा प्रपंच’चा आस्वाद एक नैतिक प्रश्न उपस्थित करतो : संसारातील ओढाताणीवर हसणे म्हणजे ती मान्य करणे काय? बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशींचे टेकाडे भावोजी हे श्रोत्यांपुरते निव्वळ आवाज होते. घर अदृश्य असल्याने कोल्हापूरच्या श्रोत्यालाही तेथे आपलीच चूल मांडता येई. रंगमंचीय प्रहसनात फजिती दुसऱ्याची असते. येथे हसणाराच हास्यविषय होतो. मात्र हे हसू घरातील सर्वांचे सारखे नव्हे. गृहस्थ बहुधा आरामखुर्चीत हसे, गृहिणी कणीक मळता मळता. तिच्या हसण्याला संमती म्हणणे हा समीक्षेचा उतावळेपणा होय. जी तक्रार तिने नवऱ्यासमोर उच्चारली नसती, ती वहिनींच्या आवाजात त्याच्याच समक्ष घरभर ऐकू येई, आणि त्यालाही हसावे लागे.