परतीचा अर्ज

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी कार्यालयात एकाच दिवशी दोघे जण रुजू झाले. एक आर्वीचा पोरगा, दुसरी गिरडची पोरगी. दोघांचीही पहिलीच नोकरी. अतिवृष्टीचे पंचनामे नुकतेच आटोपले होते. यशोदा नदीचं पाणी ज्यांच्या कपाशीत शिरलं त्या गावांच्या याद्या टेबलाटेबलावर साचल्या होत्या आणि त्या संगणकात भरायला माणसं हवी होती. माणसं आली, पण त्यांच्याकडे लॉगिन नव्हतं.

त्यासाठी पोर्टल होतं. पूर्वी संगणकाचं काही हवं असलं की कागदी अर्ज, त्यावर आवक क्रमांक, मग जिल्ह्याला एनआयसीच्या खोलीकडे खेटे. आता ज्याचं त्याने पोर्टलवर जायचं, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा आणि अर्ज भरायचा. सरकारी ई-मेलसाठी एनआयसीचं ई-फॉर्म्स चालतं त्याच वळणाचं हे काम: आधी वरिष्ठाची मान्यता, मग तपासणी, मग खातं. फॉर्ममध्ये नाव, सेवार्थ क्रमांक, पदनाम, टेबल. खाली तीन चौकटी: फक्त पाहणे, नोंद करणे, मान्यता देणे. किती मुदतीसाठी, तेही लिहायचं. आणि सगळ्यांत शेवटी एक लांबट रिकामी जागा, कारणासाठी.

आर्वीच्या पोराने तिन्ही चौकटींवर टिचक्या मारल्या, मुदत ‘कायम’ निवडली आणि कारणात लिहिलं, ‘कार्यालयीन कामासाठी’. गिरडची पोरगी जरा थबकली होती. पण बाजूच्या टेबलावरून सल्ला आला, “सगळंच टिक करून ठेव न ताई, पुढं कामी येते.” तिनेही तसंच केलं. दोन्ही अर्ज साहेबांच्या लॉगिनला जाऊन पडले. साहेब दौऱ्यावर, बैठकीत, व्हीसीत. पोर्टल उघडायला त्यांना सवड कुठली?

दोन दिवस वाट पाहून पोरगी दालनात गेली. “सर, माझा अर्ज तुमच्याकडे पेंडिंग दिसतो.”

साहेबांनी यादी उघडली, तिचा अर्ज वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “मान्यता द्यायचा अधिकार तुम्हाला कशाला?”

“सगळेच मागतात, सर.”

“काम काय दिलंय तुम्हाला?”

“तीन गावांच्या याद्या भरायच्या.”

“मग तेवढंच मागा.” आणि अर्ज परत.

पोरगी खट्टू झाली. तरी पुन्हा बसली. तीन गावांची नावं लिहिली, फक्त ‘नोंद करणे’ निवडलं, मुदतीत ‘अनुदानवाटप संपेपर्यंत’ टाकलं. त्याच दुपारी मान्यता मिळाली. तिच्या अर्जाच्या खालीच आर्वीच्या पोराचा अर्ज होता. तो साहेबांना दिसला नाही असं नाही. पण फोन वाजला, ‘याचं नंतर बघू’ म्हणत त्यांनी खिडकी बंद केली.

पोरगा मात्र दालनात जायला बिचकला. मोकळ्या हाताने बसलेला तो बडे बाबूंना दिसला. बडे बाबू म्हणजे ज्येष्ठ कारकून, कार्यालयाचा आधारवड. सेवाग्रामच्या शेजारच्या गावात वाढलेले, लहानपणी संध्याकाळी आश्रमाच्या प्रार्थनेला जाऊन बसलेले. डबा असो, दुचाकी असो, माझं म्हणून काही ठेवायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

“काहून बसून राहिला रे?”

“लॉगिनच नाही आलं, बडे बाबू.”

“अरे, मग माह्यातून कर न. पोर्टलचं काय, होत राहीन.” त्यांनी एका चिठोऱ्यावर पासवर्ड लिहून दिला. नातीचं नाव आणि तिचं जन्मसाल. ओटीपी यायचा तो त्यांच्या मोबाइलवर. ते आपल्या खुर्चीतून मोठ्याने सहा आकडे सांगायचे आणि पोरगा टाकायचा.

पोरगा चलाख होता. गावामागून गाव हातावेगळं करू लागला. गिरडची पोरगी आपल्या तीन गावांत अडकलेली, एकेक ओळ पंचनाम्याशी ताडून पाहणारी. साहेबांनी एकदा आढावा घेतला, तेव्हा पडद्यावरची आकडेवारी पाहून म्हणाले, “बडे बाबू, या वयात कमाल करता तुम्ही.” बडे बाबू नुसते हसले. पोरगा खाली पाहत राहिला. आपण केलेल्या कामाची शाबासकी दुसऱ्याला मिळाली हे त्याला टोचलं, पण बोलणार कसं?

मग एका मंगळवारी बडे बाबू रजेवर गेले. बायकोला नागपूरला मेडिकल हॉस्पिटलमध्ये दाखवायचं होतं. याद्यांची शेवटची तारीख डोक्यावर. चार वाजता पोराने फोन लावला. ओपीडीच्या गर्दीत, एका हातात केसपेपर धरून, बडे बाबूंनी सहा आकडे वाचून दाखवले. काम पुढे सुरू.

याद्यांना मान्यता मिळाली. विशिष्ट क्रमांक असलेल्या याद्या ग्रामपंचायतीत लागल्या, शेतकऱ्यांनी सेतू केंद्रावर जाऊन ई-केवायसी केली आणि दिवाळीच्या तोंडावर पैसे खात्यात पडले. तिसऱ्याच दिवशी एक म्हातारा शेतकरी पासबुक घेऊन साहेबांच्या दारात उभा राहिला.

“साहेब, माह्या वावरातली 1 हेक्टर 80 आर कपाशी गेली. पंचनाम्यात तेच लिहून आहे. पैसे आले 1,530.”

जिरायतीचा दर तेव्हा हेक्टरी 8,500 रुपये होता. हिशेबाने 15,300 यायला हवे होते. साहेबांनी पंचनाम्याचा कागद मागवला. कागदावर 1.80. संगणकात 0.18.

“सेतूवर अंगठा देताना पाहिलं नाही का, बाबा?”

“एवढी मोठी लाइन होती साहेब, कोण वाचते?”

साहेबांनी नोंदीचा इतिहास काढला. कोणी भरलं, कधी भरलं, सगळं तिथे असतं. आयडी बडे बाबूंचा. वार मंगळवार, वेळ चार वाजून गेल्यावरची. साहेबांनी रजेचं रजिस्टर उघडलं. त्या दिवशी बडे बाबू रजेवर. संगणक म्हणतो माणूस टेबलावर होता, रजिस्टर म्हणतं नागपूरला होता.

बडे बाबूंना बोलावणं गेलं. निवृत्तीला चार महिने उरलेले. खरं सांगावं तर पासवर्ड दिल्याचा ठपका, गप्प राहावं तर चुकीच्या नोंदीचा. दोन्हीकडून पेन्शनच्या कागदांवर डाग. क्षणभर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, “चूक माझीच धरा, साहेब.”

दाराशी घुटमळणारा आर्वीचा पोरगा आत आला. “सर, नोंद मी केली. बडे बाबूंच्या आयडीवरून.”

साहेबांनी त्याला शेजारी उभं केलं, त्याचं नाव शोधचौकटीत टाकलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. एकही नोंद नव्हती. “बघा, तुमच्या नावावर चूक नाही, अन् कामही नाही. एवढी गावं बिनचूक भरली असतील तुम्ही. पण तुमचा परिवीक्षेचा अहवाल लिहायला बसलो, तर लिहू काय?”

पोराचे डोळे भरून आले. “सर, मी अर्ज केला होता.”

साहेबांनी आपली पेंडिंग यादी उघडली. अर्ज तिथेच होता, पोरगा रुजू झाला त्या आठवड्यापासून. आता गप्प बसायची पाळी साहेबांची होती. गिरडच्या पोरीला शहाणपण शिकवून झाल्यावर याच अर्जावरून त्यांची नजर घसरली होती.

“माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम 66 सी आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. इथे लबाडी कोणाचीच नाही. पण त्या म्हाताऱ्याला आपल्या चांगुलपणाचा काय उपयोग?”

त्या दिवशी तीन खुलासे लिहिले गेले. पोराने लिहिला, बडे बाबूंनी लिहिला, आणि अर्ज वेळेत का पाहिला नाही याचा साहेबांनी स्वतः लिहून जिल्ह्याला पाठवला. शेतकऱ्याच्या फरकाच्या 13,770 रुपयांचा पुरवणी प्रस्ताव त्याच टपालात गेला. पोराला नवा अर्ज भरायला सांगितलं. कामापुरता, मुदतीचा. संध्याकाळच्या आत त्याला स्वतःचं लॉगिन मिळालं आणि पहिलं काम म्हणून त्याने आपणच भरलेली सगळी गावं पंचनाम्याशी पुन्हा ताडून पाहिली.

बडे बाबूंना मात्र रात्री झोप लागेना. घरात ‘मंगल प्रभात’ची जुनी प्रत होती. गांधीजी 1930 साली येरवड्याच्या तुरुंगात होते, तेव्हा दर मंगळवारी आश्रमाला एकेका व्रतावर पत्र लिहीत. ती ही पत्रं. अस्तेयाचं पान बडे बाबूंनी काढलं. न विचारता घेणं ही चोरी, हे तर पोरासोरांनाही ठाऊक. पण गांधीजी त्याच्याही पुढे गेले होते: देणाऱ्याची परवानगी असली तरी ज्याची आपल्याला गरज नाही ते घेणं हीदेखील चोरीच. आयुष्यभर प्रार्थनेत एकादश व्रतं म्हटली होती. अस्तेय म्हटलं होतं, असंग्रहही म्हटलं होतं. ही व्रतं धान्याला, पैशाला लागू. ऑफिसच्या संगणकाला लागू असतील असं कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बडे बाबू लवकर आले, पोर्टल उघडलं आणि ‘माझे अधिकार’ या पानावर गेले. यादी संपता संपेना. पुरवठा, निवडणूक, संजय गांधी निराधार योजना, भूसंपादन. वर्षानुवर्षं टेबल बदलत गेलं, पण जिथे जिथे बसले तिथला अधिकार तसाच जिवंत. एकही कधी काढला गेला नव्हता, आणि त्यांनीही कधी ‘काढा’ म्हटलं नव्हतं. उद्या निवृत्त होऊन घरी बसले, तरी नातीच्या नावाचा तो पासवर्ड या सगळ्या दारांतून आत जाऊ शकत होता.

पानाच्या तळाशी एक पर्याय होता, अधिकार परत करणे. त्या कार्यालयातून तोवर कोणी तो वापरला नव्हता. बडे बाबूंनी एकेक ओळ निवडली. कारणाच्या जागेत लिहिलं, ‘टेबल बदललं. गरज उरली नाही.’ फक्त आज ज्यावर बसतो त्या आस्थापनेच्या टेबलाचा अधिकार तेवढा ठेवला. त्याच्यापुढे मुदत टाकली, आपल्या निवृत्तीची तारीख. पासवर्डही बदलला, या वेळी तो कोणाच्या नावाचा ते नातीलाही सांगितलं नाही.

तो अर्ज साहेबांच्या लॉगिनला पोचला तसा त्यांनी आधी वाचला, मग मान्यता दिली. नंतर त्यांनी सगळ्या कार्यालयाची यादी मागवली. बदली होऊन हिंगणघाटला गेलेले, निवृत्त झालेले, कंत्राट संपलेले ऑपरेटर. सगळ्यांची खाती सुरूच. ती बंद झाली. पेंडिंग अर्ज दर सोमवारी साहेब स्वतः उघडू लागले. जो अर्ज नाकारायचा तो त्याच दिवशी कारणासह परत, जो द्यायचा तो त्याच दिवशी मंजूर. बडे बाबू डबा आणि दुचाकी पूर्वीसारखीच वाटत राहिले. कोणी लॉगिन मागितलं, तर सोबत उठून साहेबांच्या दालनापर्यंत जायचे.

तात्पर्य: दुसऱ्याच्या नावावर केलेल्या कामाची चूक त्याला भोवते आणि श्रेय आपल्याला मिळत नाही. म्हणून मागावं ते स्वतःच्या नावाने, कामापुरतं मागावं, आणि काम सरलं की कोणी न सांगता परत करावं. ज्याच्या हाती मान्यता आहे त्याने ती वाचून द्यावी, पण वेळेत द्यावी. दाराशी ताटकळलेला माणूसच खिडकी शोधतो.