कोणती गोळी?

मोठ्या, धोकादायक जनावरासाठी कोणती गोळी निवडावी, हा प्रश्न वरवर कारागिरीचा वाटतो. मला तो नीतीचा वाटतो.

आमच्या कोल्हापूरजवळचं दाजीपूर हे संस्थानकाळात छत्रपतींचं शिकारीचं रान. तिथला पूर्ण वाढलेला गवा हजार किलोच्या घरात जातो. जाड कातडं, खांद्याची भक्कम हाडं. नरम टोकाची गोळी शरीरात पसरते आणि मोठी जखम करते. पण ती हलकी असेल, तर हाडावरच फुटते आणि जनावर जखमी होऊन निसटतं. पूर्ण मढवलेली कडक गोळी खोल जाते, पण आरपार जाऊन मागच्या जनावरालाही लागू शकते. म्हणून ३७५ बोअरच्या रायफलीला ३०० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेएकोणीस ग्रॅमची, वजनदार गोळी. जखमी गव्याचा माग काढायला हाकारेही पायी जात. गोळी निवडणारा एक, तिच्या चुकीपायी जीव धोक्यात घालणारे दुसरे.

१८९९च्या हेग परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर युद्धापुरती बंदी आली, कारण त्या क्रूर ठरल्या. शिकारीत तशीच गोळी दयेची मानतात, कारण जनावर लवकर मरतं. यात विसंगती नाही. युद्धात शत्रू जायबंदी झाला तरी भागतं. शिकारीत मारायचं हे आधीच ठरलेलं असतं. म्हणजे गोळीतली दया ‘का मारायचं?’ याचं उत्तर देत नाही. तो प्रश्न बाजूला ठेवल्यावरच ती सुरू होते. ‘कसं’ नेटकं असलं की ‘का’ विचारायची गरजच वाटेनाशी होते, हा तिचा धोका.

दाजीपूर १९५८ साली अभयारण्य झालं, १९७२च्या कायद्याने गव्याला संरक्षण मिळालं. ‘का’चं उत्तर बदललं. पण तेवढ्याने भागत नाही. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला. त्याला वाचवायचंच होतं. तरी बघ्यांची गर्दी, पळापळ आणि बेशुद्धीचं इंजेक्शन यांतून तो जगला नाही.

म्हणून जुन्या शिकाऱ्याच्या काटेकोरपणाला मी हसत नाही. गोळीचं वजन तोलणारी ती शिस्त आज डार्टमधल्या औषधाची मात्रा ठरवताना आणि त्याआधी गर्दी हटवताना हवी आहे. चांगला हेतू असला, म्हणून हात सैल सोडायची सूट कुणाला मिळत नाही.