पडद्यामागचा पियानो

वाद्यवृंद वाजायला लागण्याआधी सगळी वाद्यं ज्या स्वराशी जुळवून घेतात, तो ‘ए’. संगीतकार जॉन कोरिल्यानो यांची पहिली सिंफनी त्याच स्वरावर उघडते. तंतुवाद्यांच्या मोकळ्या तारेवर नाकातून निघाल्यासारखा तो एकटा ‘ए’ बराच वेळ घुमत राहतो आणि मग त्याच्यातूनच संताप उसळतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे विलक्षण वाटतं. ज्या स्वराने निश्चिंत व्हायचं, तोच इथे जखमेसारखा ठसठसतो.

एड्सने कोरिल्यानोंचे अनेक मित्र नेले. 1987च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर एड्सने गेलेल्यांच्या नावांची गोधडी पसरली गेली. तिच्यात 1,920 तुकडे होते आणि प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा, म्हणजे एका थडग्याएवढा. ती पाहून त्यांना सिंफनी सुचली. 15 मार्च 1990 रोजी डॅनिएल बॅरेनबॉइम यांच्या संचालनाखाली शिकागोच्या वाद्यवृंदाने ती प्रथम वाजवली.

पहिल्या भागातला आक्रोश कुणाला नाटकी वाटेल. मला वाटत नाही, कारण त्याच्या मधोमध रंगमंचामागून पियानो ऐकू येतो. आल्बेनिझचा टँगो, गोडोव्स्कींनी पियानोसाठी नव्याने बांधलेला. गेलेल्या एका पियानोवादक मित्राची ही आवडती रचना. समोर शंभरेक वाद्यं असताना कोरिल्यानोंनी तो पियानो भिंतीपलीकडे ठेवला, हा मला या सिंफनीतला सर्वांत खोल विचार वाटतो. गेलेलं माणूस आपल्याला असंच ऐकू येतं: शेजारच्या खोलीतून, अर्धवट, आणि आपल्या रडण्याने झाकोळून.

दुसरा भाग तारंतेला. विषारी कोळी चावल्यावर वेड लागतं आणि ते या नाचाने उतरतं, अशी इटलीतली जुनी समजूत आहे. ‘गझीबो डान्सेस’ या आपल्या आधीच्या रचनेतला आनंदी तारंतेला कोरिल्यानोंनी एका मित्राला अर्पण केला होता. पुढे आजारात त्या मित्राचं भान हरपलं. इथे तोच नाच पुन्हा येतो, आणि उतारा व्हायचा तिथे वेड चढत जातं.

तिसऱ्या भागामागे 1962ची एक ध्वनिफीत आहे. कोरिल्यानो पियानोवर आणि त्यांचा हौशी चेलोवादक मित्र जूलिओ चेलोवर, दोघं मनाला येईल तसं वाजवत होते. त्या फितीतली धून इथे चेलो गातो. पाठोपाठ इतर दिवंगत मित्रांच्या धुना त्यात गुंफल्या जातात. त्यांच्यासाठी विल्यम हॉफमन यांनी छोटी स्मरणवाक्यं लिहिली होती. कोरिल्यानोंनी ती सुरांत बसवली आणि मग शब्द काढून टाकले. वाक्याची चाल राहिली, माणसाचं नाव मिटलं. नावं ठळक टाचणाऱ्या गोधडीहून संगीत इथे वेगळ्या वाटेने जातं, आणि मला ती वाट अधिक प्रामाणिक वाटते.

उपसंहारात पितळी वाद्यांच्या संथ लाटांवर टँगो, तारंतेला आणि ती धून पुन्हा तरंगत येतात. शेवटी चेलोवर तोच ‘ए’ उरतो आणि विझत जातो. ध्वनिमुद्रण ऐकाल तेव्हा टँगो नीट ऐकू यावा म्हणून आवाज वाढवू नका. तो पियानो दूरच असू द्या.