ती बारा वर्षांची होती



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याईर नावाचा एक गृहस्थ प्रभू येशूकडे येतो. तो सभास्थानाचा अधिकारी आहे, गावात मान असलेला माणूस. तरीही भर गर्दीत तो प्रभूच्या पाया पडतो आणि मुलीसाठी पदर पसरतो. त्याने नोकराला पाठवले नाही, बायकोला पाठवले नाही, तो स्वतः आला. मुलगी किती वर्षांची होती, हेही मार्क आवर्जून लिहून ठेवतो. ती बारा वर्षांची होती.

बारा वर्षांचे मूल म्हणजे धड लहान नाही आणि धड मोठेही नाही. बाळ जन्मले की आपण डोस चुकवत नाही. अंगणवाडीत वजन होते, सेविका घरी येऊन विचारते. सहा वर्षांनंतर शाळा सुरू होते आणि मग आपले लक्ष हळूहळू मुलावरून त्याच्या गुणपत्रिकेकडे वळते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस द्यायची असते, हे किती पालकांना ठाऊक आहे? शरीर सर्वांत झपाट्याने वाढते त्याच काळात घरातले विचारणे सर्वांत कमी होते. आणि जे काही विचारायचे ते आईने, असा आपल्याकडचा रिवाज. शाळेच्या पालकसभेत पाहा, बापमाणसे थोडीच दिसतात. पाळीची ड्युटी असते, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोप हवी असते, हे मला मान्य आहे. पण याईरलाही कामे होतीच.

याईरच्या घराकडे जाताना वाटेत दुसरी घटना घडते. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली एक स्त्री मागून येऊन प्रभूच्या वस्त्राला शिवते. मुलगी बारा वर्षांची आणि त्या बाईचा आजारही बारा वर्षांचा. तिने वैद्यांपायी होते नव्हते ते सारे घालवले होते. शिवाय मोशेच्या नियमाप्रमाणे ती अशुद्ध होती, म्हणून तिला चोरून शिवावे लागले. प्रभू तिच्यावर रागावला नाही, त्याने तिला मुलगी म्हटले.

आपल्या घरातल्या मुलींना पाळी येऊ लागते ती याच वयाच्या आगेमागे. पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित असू शकते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालला किंवा दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागले, तर ‘होईल लग्नानंतर ठीक’ असे म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. काही मुली शाळेतले शौचालय टाळण्यासाठी दिवसभर पाणीच पीत नाहीत. ही गोष्ट मुलगी आपणहून सांगत नाही, तिला विचारावे लागते.

रक्ताचा विषय निघालाच आहे म्हणून एक आकडा सांगतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. मुलगे सुटले असे समजू नका, शंभरात ३१ मुलग्यांचीही तीच गत होती. म्हणजे गणिताच्या तासाला पेंगणारे, जिना चढताना धापा टाकणारे, ‘आळशी’ म्हणून बोलणी खाणारे मूल कदाचित आळशी नसते. त्याचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयात त्याबद्दल विचारा.

शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात, ती लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची. ती गोळी घरी येईपर्यंत दप्तराच्या तळाशी जाते किंवा वाटेतल्या गटारात, हे मुलांशी बोललात तर कळेल. गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळते, शौचास काळी होते, आणि मग मुलांत बोलबाला होतो की गोळी वाईट. जेवणानंतर घ्यावी, म्हणजे त्रास कमी होतो. जंताची गोळीही तशीच टाळू नये. पावसाळ्यात चिखलातून अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या तळपायातून आकडेकृमी शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. बाकी आपल्या कोकणात काय नाही? नाचणी आहे, कुळीथ आहे, शेवग्याचा पाला परसात फुकट वाढतो. त्यावर लिंबू पिळले तर लोह अंगी लागते, जेवणाबरोबर चहा घेतला तर ते वाया जाते. नाचणीची भाकरी ही गरिबाची खूण मानून आपण मुलांच्या डब्यात बिस्किटाचा पुडा कधीपासून घालू लागलो, कोण जाणे.

हे झाले पोटाचे. पण मूल घरात वाढते तसे गावातही वाढते, आणि आपल्या गावाची हवा हा साधा विषय नाही. लोटे-परशुराम वसाहतीवर आपल्यापैकी अनेकांची चूल पेटते, ते नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाच्या २०११ च्या अहवालात एक नोंद आहे: २००० साली या वसाहतीजवळची सुमारे ३० शाळकरी मुले विषारी वायूमुळे बेशुद्ध पडली होती. ती मुले आज तिशी ओलांडून गेली असतील, त्यांचीच मुले आता शाळेत जात असतील. किशोरवयात फुप्फुसे अजून वाढत असतात, आणि धावणारे-खेळणारे मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा ओढते. म्हणून उग्र वास आला तर ‘हा रोजचाच’ म्हणून बसू नये. मुलांना शिकवून ठेवा: नाकाला ओला रुमाल लावायचा, वारा कुठून येतो ते पाहायचे आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जायचे. कंपनीत सुरक्षा सप्ताहात हे तुम्हाला शिकवतात, मग ते घरी सांगायला काय हरकत आहे? आणि तक्रार करायची वेळ आली तर नोकरीच्या भीतीने एकेकट्याने गप्प बसण्यापेक्षा सर्वांनी मिळून ग्रामपंचायतीत जावे.

गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे गुन्हा आहे, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे दुकान चालत नाही. असे असूनही पुड्या कुठे मिळतात ते सातवीतल्या मुलांना ठाऊक असते. बापाच्या खिशात पुडी असेल तर कायद्याचा उपयोग किती, हे मी वेगळे सांगत नाही. मोबाइलबद्दल इतकेच सांगतो की तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्री फोन मुलाच्या उशाशी नको, आणि तुमच्याही नको.

आता पुन्हा याईरच्या घरी जाऊ. तिथे लोक रडत-ओरडत होते, आणि मुलगी झोपली आहे असे प्रभूने म्हणताच तेच लोक हसू लागले. प्रभूने काय केले? त्याने हसणाऱ्यांना घराबाहेर काढले. आईबाप आणि तीन शिष्य, एवढ्यांनाच आत घेतले. मुलीचा हात धरला आणि तिला घरच्या अरामी बोलीत हाक मारून उठायला सांगितले. नंतर ही गोष्ट कोणाला कळू देऊ नका, असे बजावलेही.

ही कथा मी अनेकदा वाचली आहे, आणि दर वेळी त्या हसणाऱ्यांपाशी थांबतो. मुलाचा आवाज फुटतो, मुलीला मुरुमे येतात, कोणाची उंची वाढत नाही, कोणाची जास्तच वाढते. पाहुण्यांसमोर आपण त्यावर हसतो. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत शेजारी पोहोचते. एकदा असे झाले की ते मूल पुन्हा बोलत नाही, आणि मग खरोखरीचे संकट आले तरी बोलत नाही: कोणी अंगाला नको तसा हात लावला, कोणी फोनवर धमकावले, जगणे नकोसे वाटू लागले. अशा वेळी केवळ प्रार्थना करून थांबू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी २०२२ पासून १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, त्यावर फोन फुकट लागतो. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ चालतात, त्यांची चौकशी करा. मन आजारी पडणे हे पाप नाही, आणि वेड तर नाहीच. फादरांकडे किंवा सिस्टरांकडे या, पण डॉक्टरांकडे जाणेही टाळू नका. दोन्ही चालते.

मुलगी उठली आणि चालू लागली. सारे थक्क झाले. तेवढ्यात प्रभूने आणखी एक गोष्ट सांगितली: तिला काहीतरी खायला द्या. मृत्यूवर मात केल्यानंतर त्याला तिच्या पोटाची आठवण झाली.

त्यावरून आपल्या चर्चपुरते सांगतो. सकाळच्या मिस्साला काही घरांतून मुलांना उठल्यापासून उपाशी आणतात, आणि उभी असताना एखादी मुलगी घेरी येऊन खाली बसते. पूर्वी मध्यरात्रीपासून उपवासाचा नियम होता, तो वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली तो ख्रिस्तप्रसादापूर्वी एका तासावर आणला, आणि पाण्याने वा औषधाने उपवास मोडत नाही. म्हणून पुढच्या रविवारी मुलांना घरून निघण्यापूर्वी भाकरी आणि दूध द्या. वेळ पाहून द्या, म्हणजे झाले.