दोनशे क्रोनरमध्ये काय येतं?

फॅरो बेटांवरच्या काल्लुर दीपस्तंभाकडे जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या त्या चित्रफितीवर आता सगळ्यांचं बोलून झालं आहे. कडा किती खोल, वारा किती, पाय घसरला असता तर काय, हेच बहुतेक जण बोलले. मला चीड आली ती मागून ऐकू येणाऱ्या दोन वाक्यांची. ‘अरे, वाट इकडून आहे,’ असं मित्र मराठीत सांगतो. चित्रफितीतला गडी ओल्या गवताच्या उतारावरून तसाच आडवा चालत राहतो आणि म्हणतो, ‘दोनशे क्रोनर मोजलेत रे.’ मित्र हसतो आणि तोही वाट सोडतो.

‘एवढ्या लांबून आलो’ आणि ‘सगळेच जातात’ ही कारणं जुनी आहेत, त्यांच्यावर जागा घालवत नाही. ‘पैसे मोजलेत’ हे मात्र गंभीर आहे, कारण ते म्हणणाऱ्याला आपण चुकतोय असं वाटतच नाही. उलट आपण रीतसर वागतोय अशी त्याची खात्री असते.

तर दोनशे क्रोनर, म्हणजे साधारण अडीच हजार रुपये, कशाचे? फॅरो बेटांतलं कालसॉय हे एक चिंचोळं बेट. त्यावर चार गावं, वस्ती शंभराच्या आत. उत्तर टोकाला ट्रॉल्लानेस, मूठभर घरांचं. 1985 मध्ये डोंगरातून बोगदा निघाला तेव्हा कुठे या गावाला गाडी पोहोचली. दीपस्तंभाकडे जाणारी वाट याच गावातून निघते आणि ती सगळी खासगी चराऊ रानातून जाते. नॉर्वेसारखा कुठल्याही मोकळ्या रानात हिंडण्याचा हक्क फॅरोमध्ये नाही. जमिनीच्या मालकाने आपल्या रानातून जाऊ द्यायचं ठरवलं आणि त्याचे दोनशे क्रोनर लावले. हे पैसे त्या वाटेने जाऊन परत येण्याचे आहेत. डोंगर त्यात येत नाही, गवत येत नाही, उतारावर चरणारी मेंढी तर नाहीच नाही. लग्नात आहेर दिला म्हणून कोणी मांडवाचे खांब उपटत नाही.

त्या मेंढ्यांचं थोडं सांगायला हवं. 1298 साली नॉर्वेच्या ड्यूक होकोनने या बेटांसाठी मेंढपाळीचे नियम लिहून दिले. ‘मेंढीपत्र’ म्हणून ओळखला जाणारा तो दस्तऐवज फॅरोचा सर्वांत जुना जपलेला कागद मानतात. कुठल्या रानात किती मेंढ्या ठेवायच्या हा आकडाही तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. रान किती खुरं सोसेल याचा तो हिशेब आहे. झाडं जवळजवळ नाहीत, उन्हाळा तोकडा, शेती नावापुरती. गवत गेलं तर मेंढी गेली, आणि मेंढी गेली तर हिवाळ्याचं मांस गेलं, हे ज्यांनी अनुभवलं त्यांनी तो मांडला. एकेका मेंढीची मोजदाद ठेवणाऱ्या रानात आपण बूट घालून उतरतो आणि पावती दाखवतो!

गवत मरतं कसं, हे पाहिलं की ही पावती किती पोकळ आहे ते कळतं. फॅरोचा दगड आपल्या सह्याद्रीसारखाच, काळा बसाल्ट. त्यावर मातीचा पातळ थर, आणि तो थर गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला. पाऊस सतत. बुटाच्या टाचेने गवताचा पापुद्रा एकदा फाटला की पाणी त्याच चिरेतून वाहू लागतं, चिखल होतो. मागून येणाऱ्याला बूट खराब करायचे नसतात, तो चिखलाच्या कडेने जातो. त्याच्या मागचा आणखी कडेने. एका पावलाची वाट बघता बघता बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते आणि वरची माती उतारावरून खाली समुद्रात जाते. डोंगरात पांढरे बूट घालून येणाऱ्यांवर माझा राग आहे तो याचसाठी. वाटेत चिखल असेल तर चिखलातून चालावं, घरी येऊन बूट धुवावेत.

आणि ते पाठमोरे फोटो! दीपस्तंभाच्या पुढे अरुंद धार आहे, दोन्ही बाजूंना सरळ कडा. मागे बोर्गारिनचा सुळका आणि मध्ये दीपस्तंभ, असं चित्र तिथूनच मिळतं. म्हणून प्रत्येकाला तिथेच हात पसरून उभं राहायचं असतं. जेम्स बाँडच्या एका चित्रपटाचं चित्रीकरण या बेटावर झालं आणि 2022 मध्ये दीपस्तंभाच्या वाटेवर त्याच्या नावाचा थडग्याचा दगडही उभा राहिला, त्यामुळे आता चित्रपटवेडेही येतात. या सगळ्यांना बेटावर आणणारी, क्लाक्सविक गावाहून येणारी बोट लहान, मोजक्याच गाड्या घेणारी. ट्रॉल्लानेसच्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात जायचं असलं तरी तीच बोट. त्याचा रांगेत गेलेला वेळ कोणत्या पावतीत धरायचा?

पैसे कसे खर्च करावेत हे याच बेटांवर काही परक्या माणसांनी दाखवलं आहे. 2019 च्या एप्रिलमध्ये फॅरोने आपली गर्दीची ठिकाणं एका आठवड्याअखेरीस ‘देखभालीसाठी बंद’ ठेवली आणि बाहेरून शंभरेक स्वयंसेवक बोलावले. राहणं-जेवण बेटांचं, विमानाचं भाडं ज्याचं त्याचं. त्या माणसांनी स्वतःच्या खर्चाने येऊन वाटा बांधल्या, पायऱ्या केल्या, खुणा रोवल्या. आपल्या गड्याने मोजले त्याच्या कितीतरी पट त्यांनी मोजले होते, आणि वाट सोडून जायचा हक्क त्यांच्यापैकी कोणी मागितला नाही.

आपल्याकडे कास पठारावर मात्र ‘पैसे मोजलेत’ हेच चालतं. शुल्क भरायचं आणि फुलांत बसून फोटो काढायचा. ती सवय विमानात बसून फॅरोला पोहोचली, एवढंच.

फॅरोची सहल महाग आहे. वर्षभराची बचत घालून गेलेल्या माणसाने फोटो काढू नये असं मी म्हणणार नाही. काढावा, शंभर काढावेत, वाटेवर उभं राहून. पण मालकाने उद्या फी वाढवली तर वाट सोडणं थांबेल यावर माझा विश्वास नाही. चारशे केली तर ‘चारशे मोजलेत’ असं ऐकू येईल. मग रानाच्या फाटकाला कुलूप लावण्यावाचून त्याच्यापुढे दुसरा मार्ग उरणार नाही. तेव्हा आपल्याकडे बरीच ओरड होईल, आणि मी त्या मालकाच्या बाजूने लिहीन.