दयेचा हिशेब

शास्त्रवाचन : नीतिसूत्रे १२:१०, लूक १०:३०-३७, लूक १४:२८-३०



शिष्यत्वाची किंमत समजावून देताना प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्या मनुष्याचा दाखला दिला. पाया घालण्यापूर्वी त्याने बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर अर्धवट राहिलेले काम पाहून लोक त्याची थट्टा करतील. हा दाखला आपण पुष्कळदा ऐकला आहे. आज तो एका घरगुती प्रश्नाला लावून पाहू.

आपल्या हैदराबाद-सिकंदराबाद शहरांत मोठ्या जातीचे कुत्रे हौसेने विकत घेतले जातात आणि पुढे त्यांतले काही रस्त्यावर सोडले जातात. ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्ड जातीचे दोन महिन्यांचे पिल्लू मांडीवर मावते. वर्ष-दीड वर्षात त्याचेच वजन साठ किलोच्या आसपास जाते. मग घर अपुरे पडते, घरमालक कुरकुर करतो, आणि एके रात्री ते जनावर गाडीतून दूर नेऊन सोडले जाते. अशा मुक्या जीवांसाठी आपल्या शहरात संस्था आहेत. अमला अक्किनेनी यांनी १९९२ साली स्थापन केलेली 'ब्लू क्रॉस ऑफ हैदराबाद' ही त्यांपैकी एक. तेथून जनावर दत्तकही घेता येते. रविवारच्या शाळेतील मुले विचारतात, "आपण त्याला घरी आणू या का?" शिक्षकांनी काय उत्तर द्यावे?

पहिली गोष्ट : जनावर देवाचे आहे. नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रकार सांगतो. शब्बाथाच्या आज्ञेत देवाने गुराढोरांच्याही विसाव्याची तरतूद केली (निर्गम २०:१०). निनवे नगरावर दया का करू नये, असे योनाला विचारताना देवाने तेथील लाखाहून अधिक माणसांबरोबर जनावरांचीही गणती केली (योना ४:११). मनुष्याला सृष्टीवर अधिकार मिळाला तो कारभारी म्हणून, आणि कारभाऱ्याला एक दिवस हिशेब द्यावा लागतो. आपल्या देशाचा कायदाही येथे मुका नाही. १९६० च्या पशुक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे.

सेंट बर्नार्ड कुत्र्याची कथा तर मंडळीच्या इतिहासातील आहे. आल्प्स पर्वतातील सुमारे २,४७० मीटर उंचीच्या खिंडीत ख्रिस्ती संन्याशांनी वाटसरूंसाठी धर्मशाळा चालवली. तेथील कुत्रे बर्फात हरवलेल्यांचा माग काढीत. त्यांतील बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीस किंवा त्याहून अधिक जीव वाचवले असे सांगतात. तो १८१४ साली मरण पावला. त्याचे जतन केलेले शरीर आजही स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संग्रहालयात आहे. गळ्यातील छोटे पिंप मात्र चित्रकाराच्या कल्पनेतून आले. ज्या जातीने बर्फात माणसे वाचवली, तिला आपण दख्खनच्या उन्हात विकत आणतो आणि कंटाळा आला की सोडून देतो. मे महिन्यात येथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच त्याला अंगातील उष्णता बाहेर टाकावी लागते.

दुसरी गोष्ट : दयेला खर्च आहे. एवढ्या मोठ्या कुत्र्याचे खाणे कष्टकरी माणसाच्या जेवणाइतके असते. औषध वजनावर मोजतात. दहा किलोला एक गोळी असेल, तर त्याला सहा लागतात. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात व सांधे दुखावतात, म्हणून तरट किंवा जाजम अंथरावे लागते. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि तसे झाल्यास तासाभराचा उशीरही जिवावर बेततो. म्हणून जेवण दोन-तीन वेळा विभागून द्यावे आणि जेवणानंतर लगेच धावडवू नये. उन्हाळ्यात फिरवणे सूर्योदयापूर्वी, कारण तापलेल्या डांबराने पंजे भाजतात. या जाती साधारण आठ-दहा वर्षेच जगतात. म्हणजे आणताना आनंद करणाऱ्या मुलांना त्याचे म्हातारपण आणि मरणही पाहावे लागेल. म्हातारपणी साठ किलोचा जीव जागचा उठेनासा झाला, तर त्याला उचलणार कोण, याचेही उत्तर आधीच हवे.

कोणी म्हणेल, "मंडळीत गोरगरीब असताना कुत्र्यावर एवढा पैसा?" हा प्रश्न रास्त आहे. मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना घालणे योग्य नाही, हे प्रभूच्या मुखातून आले. आणि मेजावरून पडणाऱ्या तुकड्यांची आठवण देणाऱ्या कनानी स्त्रीचा विश्वासही त्यानेच वाखाणला (मत्तय १५:२६-२८). पण असा मोठा कुत्रा केवळ पडलेल्या तुकड्यांवर जगत नाही. मोलकरणीचा पगार थकवून किंवा म्हाताऱ्या आईच्या औषधात काटकसर करून पाळलेला कुत्रा ही दया नव्हे. घरातील चैनीतून त्याचा वाटा काढता येत असेल, तर मात्र गरिबाचे नाव पुढे करून हात आखडू नये.

तिसरी गोष्ट : शेजाऱ्याची भीतीही हिशेबात घ्यावी. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याच शहरातील अंबरपेट भागात चार वर्षांच्या मुलाचा भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात अंत झाला. त्या मुलाच्या आईबापांसमोर उभे राहून प्राणिदयेवर प्रवचन करणे कोणालाही जड जाईल. म्हणून जो कुत्रा आणील त्याने दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी, महानगरपालिकेकडे नोंदणी करावी, पट्टा हातात धरूनच बाहेर न्यावे, आणि जिन्यात अंग चोरून उभ्या राहणाऱ्या लेकराला हसू नये. शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेत त्याची भीती सांभाळणेही येते.

चौथी गोष्ट : खरी दया परत येते. चांगल्या शोमरोन्याने जखमी मनुष्याला उतारशाळेत पोहोचवले, दोन दीनार दिले, आणि अधिक खर्च झाल्यास परतताना भरण्याचे कबूल केले. त्याची करुणा रस्त्यावर सुरू झाली आणि पुढल्या खेपेपर्यंत टिकली. टाकलेल्या कुत्र्यालाही हेच लागते. अनुभवी माणसे सांगतात की नव्या घरात पहिले तीन दिवस तो भांबावलेला असतो, तीन आठवड्यांत घराचा क्रम ओळखतो, आणि विश्वास बसायला तीन महिने लागतात. काहींना याहून जास्त. तोपर्यंत तो लपेल, गुरगुरेल, खाणे सोडील. धीर कोणाजवळ किती आहे, हे या तीन महिन्यांत कळते.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबापुढे हा प्रश्न आला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि मुलाने आश्रयगृहातील एका ग्रेट डेनवर जीव लावलेला. त्या कुत्र्याला एका घराने नेऊन परतही आणून सोडले होते. आईबापांनी रात्री वहीत खर्च मांडला. मुलगा रडला, तेव्हा आई म्हणाली, "बाळा, दुसऱ्यांदा टाकला गेलाय तो. तिसऱ्यांदा आपल्या हातून नको." त्यांनी नकार दिला. पण दर शनिवारी बाप-लेक जाऊन त्याला फिरवू लागले. माणसाच्या हाताची त्याला पुन्हा सवय झाली. पुढे अंगण असलेल्या एका घराने त्याला नेले. त्या कुटुंबाचा नकार हा मला दयेचाच भाग वाटतो, कारण नकार देऊन ते घरी बसले नाहीत.

शिक्षकांनो, वर्गात मुलांकडून वहीच्या एका पानावर चार प्रश्न लिहून घ्या : जागा कोठे? खर्च कोठून? शेजाऱ्यांचे काय? दहा वर्षे कोण सांभाळील? ते पान मुलांनी घरी दाखवावे. उत्तर 'होय' आले तर विकत घेण्याऐवजी दत्तक घ्यावे. 'नाही' आले तर महिन्यातून एक दिवस, जुन्या चादरी किंवा तांदळाची पिशवी आश्रयगृहाला द्यावी. दोन्ही उत्तरे प्रभूपुढे प्रामाणिक असू शकतात. मात्र न मोजता दिलेल्या होकाराची शिक्षा त्या मुक्या जिवाला भोगावी लागते.

जो चिमणीलाही विसरत नाही, तो पिता आपणांस कोमल अंतःकरण व टिकणारा धीर देवो. आमेन.