पाहुणे बोलावलेत, तयारी कुठे होती?

स्नेहसंमेलन समितीच्या सगळ्या सभासदांनो, बसायची घाई करू नका. गॅदरिंग पार पडलं, तुमचे फोटो गावभर फिरले, एकमेकांचं कौतुकही करून झालं. विनोदी कलाकार चालला नाही, असं सांगून तुम्ही खापर त्याच्या डोक्यावर फोडलंत आणि मोकळे झालात. आता माझं ऐका. तो कलाकार पडला नाही, तुम्ही त्याला पाडलंत. आणि ज्या नामवंत वक्त्याच्या खांद्याला खांदा लावून तुम्ही सेल्फी काढलेत, त्याचं भाषण वाया गेलं तेही तुमच्यामुळेच.

पहिल्या बैठकीत मी एकच प्रश्न विचारला होता : हाच वक्ता का? उत्तर आलं, ‘सर, त्यांचे लाखो फॉलोअर्स आहेत.’ मी पुढे विचारलं, आपल्या मुलांनी त्यांच्याकडून काय ऐकावं असं तुम्हाला वाटतं? एकालाही धड वाक्य बोलता आलं नाही. तिथेच हा विषय मागे घ्यायला हवा होता. त्याऐवजी तुम्ही एजंटाला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बजेट एवढं आहे, कोण मिळेल?’ असं विचारलंत. त्यानं नावांची आणि दरांची यादी पाठवली. तुम्ही वरून खाली बोट फिरवलंत आणि परवडेल त्या पहिल्या प्रसिद्ध नावावर थांबलात. माणूस निवडायची ही रीत नव्हे.

निवड कशी करतात हे पाहायचं असेल तर गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावला जा. तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा-कमिट्यांचे लोक येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात आणि आपल्या गावच्या यात्रेसाठी फड ठरवतात. बहुतेक जण शेतकरी, त्यांतल्या कित्येकांनी कॉलेजची पायरी चढलेली नसते. पण त्यांचे प्रश्न ऐका. फडात माणसं किती? सोंगाड्या कोण? वग कोणता लावणार? तोच वग मागच्या वर्षी शेजारच्या गावात झाला होता का? दुसऱ्या दिवशी हजेरी होणार का? स्टेजला जागा किती लागेल, गाड्या कुठवर येतील? मग सुपारीची रक्कम ठरते, विसार दिला जातो, कागद होतो. खिशात लोकवर्गणीचा पैसा आहे आणि परत गेल्यावर पारावर हिशेब द्यायचा आहे, हे त्यांच्या डोक्यातून क्षणभरही जात नाही. आपल्या गावाला काय आवडतं, काय रुचणार नाही, बायाबापड्या किती वाजेपर्यंत बसतील, हे त्यांना पाठ असतं. तुम्ही पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहात. यांतला एक तरी प्रश्न तुम्ही विचारलात का?

तुमच्याही हातात वर्गणीचाच पैसा होता. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाकडून गॅदरिंगचं शुल्क घेतलं जातं. ते भरताना काही घरांत किराणा उधारीवर येतो, हे मला माहीत आहे आणि तुमच्यातल्या काही जणांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या पैशातून वक्त्याचं मानधन गेलं, त्यावर १८ टक्के जीएसटी गेला, त्याचं आणि त्याच्या दोन माणसांचं विमानाचं तिकीट गेलं, हॉटेल गेलं, विमानतळापासूनची गाडी गेली आणि एजंटाचं कमिशनही गेलं. ठरवताना तुम्ही फक्त पहिला आकडा पाहिला होतात. बाकीचे आकडे दारात आल्यावर तुम्हाला कळले आणि ते भागवायला तुम्ही फिशपाँडचं सामान, पारितोषिकं आणि एकांकिकेचा खर्च कापलात. पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून महाविद्यालयीन मुलांना रंगमंच देते आहे. त्यासाठी आपली मुलं दोन महिने रात्री तालमी करत होती. त्यांना तुम्ही नेपथ्याला पैसे नाहीत म्हणून सांगितलंत. त्या मुलांच्या डोळ्याला डोळा कसा भिडवता तुम्ही?

कुणी म्हणेल, सरांना मोठे कलाकार नकोत, सरांना पैसा खर्च केलेला आवडत नाही. तसं अजिबात नाही. कलेवर पोट भरणाऱ्या माणसाला चोख पैसे मिळाले पाहिजेत. पुलंनी ‘बटाट्याची चाळ’ तिकीट लावून केली, लोकांनी रांगा लावून ती तिकिटं घेतली. पुढे पुलंनी आणि सुनीताबाईंनी आपल्या प्रतिष्ठानामार्फत कितीतरी चांगल्या कामांना पैसा दिला. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं त्यामागेही त्यांची मदत होती. पैसे घेऊन हसवणं ही पूर्ण प्रतिष्ठेची गोष्ट आहे. मला राग आहे तो तुम्ही पैसे दिलेत आणि त्या पैशात मिळण्यासारखं होतं तेही घेतलं नाहीत, याचा.

वक्त्याचंच घ्या. तो उशिरा आला, आपल्या गावाचं नाव चुकीचं उच्चारलं, यूट्यूबवर शंभरदा ऐकलेलं भाषण पुन्हा केलं आणि बक्षीस समारंभाच्या आधी निघून गेला. त्याचं चुकलंच. ते मी त्याला पत्रानं कळवलं आहे. पण तुम्ही त्याला पाठवलेलं निमंत्रण मी काढून पाहिलं. विषय काय लिहिलात? ‘यशाचा मंत्र’. समोर कोण बसणार आहे, एका शब्दानं कळवलं नाहीत. आपल्याकडची निम्मी मुलं घराण्यात पहिल्यांदा कॉलेजात आलेली आहेत. वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलींची शेवटची एसटी सहाला सुटते. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात तीन-तीन वर्षं काढून रिकाम्या हातानं परतलेले कितीतरी माजी विद्यार्थी त्या दिवशी मागच्या रांगांत उभे होते, आणि त्यांना ‘स्वप्नं मोठी बघा’ हे ऐकावं लागलं. एवढं तुम्ही आधी कळवलं असतंत तर वक्त्याला विचार करावा लागला असता. कळवूनही त्यानं पर्वा केली नसती, तर असला माणूस बोलवायचा नाही हे तुम्हाला महिनाभर आधी समजलं असतं. आणि परिचय? मंचावर उभं राहून मोबाइलवर शोधून वाचलात तो. त्याच्या पुस्तकाचं नाव वाचताना अडखळलात, कारण ते पुस्तक तुमच्यापैकी कुणी हातात धरलं नव्हतं.

पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली आणि ती अजून दर उन्हाळ्यात चालते. दीडशे वर्षं एखादी व्याख्यानमाला नुसत्या नावाजलेल्या चेहऱ्यांवर टिकत नाही. विषय आधी ठरतो, त्या विषयाचा जाणकार मग शोधला जातो, आणि श्रोता प्रश्न विचारायच्या तयारीनं येतो. आपल्या विद्यापीठाचं बहिःशाल मंडळ कॉलेजांना व्याख्यानं भरवायला मदत करतं. त्याचं परिपत्रक नोटीस बोर्डावर महिनाभर लागलं होतं. कुणी वाचलं?

आता त्या विनोदी कलाकाराकडे येतो, कारण त्याच्यावर झालेला अन्याय मला जास्त झोंबला आहे.

द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथन गावोगाव नेलं. मंचावर एक माणूस, समोर एक माइक. लक्ष्मण देशपांडे आमच्यासारखेच शिक्षकी पेशातले. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये त्यांनी एकट्यानं बावन्न पात्रं उभी केली आणि महाराष्ट्राला पोट धरून हसवलं. एकट्या माणसाच्या विनोदाला नेपथ्य लागत नाही, पण श्रोत्यांचं पूर्ण लक्ष लागतं. हसू शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातं, म्हणून माणसं खेटून बसलेली हवीत. बोलणाऱ्याचा चेहरा दिसायला हवा, म्हणून उजेड त्याच्यावर हवा आणि प्रेक्षकांत अंधार. विनोदाचा सगळा भार शेवटच्या शब्दावर आणि त्याच्या आधीच्या थांबण्यावर असतो. माइकनं तो एक शब्द गिळला की पुढची दहा मिनिटं फुकट.

तुम्ही काय केलंत ते मी क्रमानं सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणीही शेवटपर्यंत मंडपात थांबलेलं नव्हतं. सभागृह असताना तुम्ही कार्यक्रम मैदानावर घेतलात. का, तर ड्रोननं गर्दी चांगली दिसते. पुढे पाहुण्यांसाठी सोफ्यांच्या दोन रांगा, त्याही अर्ध्या रिकाम्या. त्यांच्यामागे बॅरिकेड. त्यामागे मुलं. कलाकाराला पहिला हसणारा चेहरा दिसायला चाळीस फूट दूर बघावं लागत होतं. बाजूला वडापावचे आणि आइस्क्रीमचे स्टॉल, त्यांचा जनरेटर सुरूच. सातचा कार्यक्रम. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि मग सत्कार. देणगीदारांचा सत्कार, देणगीदारांच्या चिरंजीवांचा सत्कार, ज्यांनी मंडपात पाऊल ठेवलं त्या प्रत्येकाचा सत्कार, शाल आणि श्रीफळ देऊन. कलाकार मंचामागे प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन तास बसला होता. त्याला पाणी विचारलं ते आपल्या शिपायानं. नऊ वाजून गेल्यावर त्याचं नाव पुकारलंत. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा असतो, हा नियम २००० सालापासून देशभर लागू आहे आणि पोलीस परवानगीच्या कागदावर तुमच्याच सहीखाली लिहिलेला आहे. म्हणजे तासभराचा कार्यक्रम बसवून आलेल्या माणसाला तुम्ही जेमतेम निम्मा वेळ दिलात. त्यातही एक उशिरा आलेले पाहुणे दिसताच त्याला मध्येच थांबवून त्यांना हार घातलात. आणि तो पुन्हा बोलू लागला तेव्हा नाश्त्याचे बॉक्स वाटायला सुरुवात केलीत.

मंचावर जायच्या आधी पाच मिनिटं त्याला सांगितलंत, ‘सर, जरा क्लीन ठेवा, राजकारण नको, कॉलेजवर नको.’ हे बुकिंगच्या वेळी सांगायचं असतं. तो काय बोलतो, कुणावर बोलतो, हे त्याच्या व्हिडिओंत उघड आहे. ते पाहून, त्यावर हसून तुम्ही त्याला बोलावलं होतंत. हे चालणार नव्हतं तर दुसरा शोधायचा. त्याला बोलावून वर त्याची जीभ बांधायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तरीही त्यानं ऐकलं. उभ्या उभ्या निम्मा मजकूर गाळला आणि उरलेल्यावर निभावून नेलं. लांबलेल्या भाषणांवर त्यानं एक साधा विनोद केला, पुढच्या सोफ्यावरचं एक माणूस उठून गेलं, आणि तुम्ही सगळे गायब झालात. त्याला गाडीपर्यंत सोडायला एक जण गेला नाही. वर ‘उरलेले पैसे नंतर बघू’ असा निरोप पाठवलात.

पाहुण्याच्या पाठीशी कसं उभं राहायचं, तेही रानड्यांकडून शिका. १८७५ सालीच त्यांच्या पुढाकारानं स्वामी दयानंद सरस्वतींची पुण्यात व्याख्यानं झाली. सनातनी मंडळी खवळली. स्वामींच्या मिरवणुकीवर चिखल फेकण्यात आला. रानडे त्या मिरवणुकीत चालत होते. ते स्वतः सरकारी न्यायखात्यात नोकरीला होते, घरी बसून राहायला त्यांच्याकडे चांगलं कारण होतं. जोतीराव फुले मतभेद बाजूला ठेवून त्या मिरवणुकीत आले. बोलावलेल्या माणसाच्या अंगावर उडणारा चिखल बोलावणाऱ्यानं आपल्याही अंगावर घ्यायचा असतो, हे त्या माणसांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तुमच्यावर चिखल सोडाच, कुणाच्या तरी कपाळावरची एक आठी आली होती. तीही तुम्हाला सोसवली नाही.

आणि फिशपाँड. वर्षभर जमवलेल्या चिठ्ठ्या, शिक्षकांना काढलेले चिमटे, वर्गावर्गांतले टोमणे. हा आपल्या मुलांचा स्वतःचा विनोद आहे, आणि या कॉलेजात तो कितीतरी पिढ्या चालत आला आहे. माझ्यावरचे फिशपाँड मी दर वर्षी पहिल्या रांगेत बसून ऐकतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला तो मुलगा, जो प्राचार्यांपासून कँटीनवाल्या मामांपर्यंत सगळ्यांचे आवाज काढतो, तो इस्त्रीचा शर्ट घालून सहा वाजल्यापासून विंगेत उभा होता. त्याला तुम्ही ‘वेळ नाही’ म्हणून घरी पाठवलंत. बाहेरून आलेल्या कलाकाराच्या आधी त्याला दहा मिनिटं दिली असतीत तर मैदान हसायला लागलं असतं आणि पाहुण्यालाही समोरच्या माणसांचा अंदाज आला असता. विनोदी कार्यक्रमांत मुख्य कलाकाराच्या आधी एखादा नवखा उभा करतात तो याचसाठी. नुसते व्हिडिओ पाहण्याऐवजी असा एखादा कार्यक्रम प्रत्यक्ष जाऊन पाहिला असतात तर हे तुम्हाला समजलं असतं.

आता काय करायचं ते लिहून घ्या. कलाकाराचे उरलेले पैसे उद्या दुपारच्या आत त्याच्या खात्यात गेले पाहिजेत. टीडीएस कापलात तर तो भरायचा आणि त्याचं प्रमाणपत्र त्याला पाठवायचं. सचिवांनी स्वतःच्या हातानं त्याला माफीचं पत्र लिहायचं. आधी मला दाखवा, गुळमुळीत असेल तर परत लिहावं लागेल. आवाज काढणाऱ्या त्या मुलाला सगळ्या समितीनं वर्गात जाऊन भेटायचं, फोनवर नाही. सोमवारी अकराला हिशेबाची वही, सगळी बिलं आणि दोन्ही करारांच्या प्रती माझ्या टेबलावर हव्यात. पुढच्या वर्षी समितीवर राहायचं असेल त्यानं कुठलंही नाव सुचवण्याआधी आपला श्रोता कोण आणि त्याला काय हवं आहे, यावर एक पान लिहून आणायचं. फिशपाँड आणि एकांकिका यांचा वेळ आधी ठरेल, पैसाही आधी बाजूला निघेल. उरेल त्यात पाहुणा बसत असेल तर बोलवू, नाही तर नाही.

मंडपवाला सकाळी दोनदा येऊन गेला. त्याचंही बिल थकलं आहे. आधी त्याच्याकडे जा.